सायीखालचं पाणी

वेणूर जलाशयावर ऊन पडलं तरी पाणी चमकत नसे, याची आंबेटाकळीच्या लोकांना आता सवय झाली होती. धक्क्यावरून पाहिलं की काठालगत शंभरएक हात मोकळं पाणी दिसायचं आणि त्याच्या पलीकडे, पार समोरच्या टेकड्यांपर्यंत, गडद जांभळट रंगाचा सपाट पडदा. तो पडदा म्हणजे सौरसाय. तापवून निवत ठेवलेल्या दुधावर साय धरते तशी ती पाण्यावर पसरलेली, म्हणून हे नाव. गावातले लोक नुसतंच साय म्हणत. कागदाहून थोडी जाड, रबरासारखी लवचीक, पण माणूस गुडघ्यांवर सरकत गेला तर त्याचा भार पेलणारी. वरच्या अंगानं ती उन्हाची वीज करायची आणि खालच्या अंगानं पाण्याला चिकटून राहायची. धरणाची पातळी वरखाली झाली की तीही वरखाली व्हायची. कुणाची शेतजमीन गेली नाही, उन्हाळ्यात उडून जाणारं पाणी वाचलं, आणि तीन तालुक्यांतले दवाखाने, शीतगृहं, पाणीपुरवठ्याचे पंप या एका सायीवर चालू लागले.

सायीच्या दोन पट्ट्यांमध्ये होडी जाईल एवढी वाट ठेवलेली होती. तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी सकाळी, त्या वाटेच्या तोंडाशी सुदाम मल्लावांनी वल्हं थांबवलं.

"म्याडम, आजबी पान्याला वास मारतोय."

होडीत समोर बसलेली हर्षदा ढवस प्रकल्पाची पाणी तपासनीस होती. दर मंगळवारी नमुने घ्यायचे आणि महिनाअखेरीस अहवाल पाठवायचा, हे तिचं काम. सुदाम पूर्वी याच पाण्यात चिलापी आणि वाम मासे धरायचे. साय आल्यावर जाळी टाकायला जागा उरली नाही, तेव्हा प्रकल्पानं भोईवाड्यातल्या काही जणांना होडीवर नोकरी दिली, त्यांतले ते एक. साठीला टेकलेले, बोलणं बेताचं.

"गाळ हलला असेल, काका," हर्षदा म्हणाली.

"गाळाचा वास मला ठावं हाय. ह्यो त्यो न्हवं." त्यांनी हवा हुंगली. "नासक्या अंड्यावानी हाय. गेल्या वर्साला पार आत यायचा. आता वाटंपतुर आलाय."

हर्षदालाही तो वास येत होता. तिनं होडी मागे घ्यायला सांगितली, काठाजवळच्या मोकळ्या पाण्यात बाटली बुडवली, उपकरणाची कांडी सोडून आकडा टिपला. तक्त्यात 'वास' या शब्दापुढे तिनं 'नाही' लिहिलं. गेले अकरा महिने ती हेच लिहीत आली होती. सुदामना वाचता येत होतं. त्यांनी तक्त्याकडे एकदा पाहिलं आणि मग काठाकडे तोंड करून वल्हं मारू लागले. 

अकरा महिन्यांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा हर्षदा तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन नमुने घेत असे. पाण्यालाही हवा लागते, हे तिनं सुदामना एकदा समजावून सांगितलं होतं. वाऱ्यानं लाटा उठतात तेव्हा हवा पाण्यात मिसळते, ऊन आत शिरतं तेव्हा शेवाळ प्राणवायू सोडतं. सायीनं वारा आणि ऊन दोन्ही अडवले होते. साय बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ठरावीक अंतरावर तिला बारीक श्वासछिद्रं ठेवली होती. तेवढी पुरतील असा त्यांचा अंदाज होता.

त्या मे महिन्यात तिनं तलावाच्या मध्यावर पाच मीटर खोल कांडी सोडली. लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला प्राणवायू मिळायला हवा होता. एकही भरला नाही. तिनं कांडी धुऊन पुन्हा सोडली, मग तिसऱ्यांदा सोडली. आकडा हलला नाही. वरच्या सायीवर लखलखीत ऊन होतं आणि खालचं पाणी गुदमरत होतं.

ती तो आकडा घेऊन प्रकल्पप्रमुख जयंत खोपकरांकडे गेली. खोपकर कष्टाळू आणि सरळ माणूस म्हणून ओळखले जायचे.

"काठाजवळ किती आहे?" त्यांनी विचारलं.

"सहा पूर्णांक दोन."

"आणि मध्ये?"

"शून्य पूर्णांक आठ."

खोपकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुढच्या महिन्यात सरकारी समिती आणखी अकरा जलाशयांवर साय घालायचा निर्णय घेणार आहे. तो झाला की कोळशाची दोन केंद्रं बंद होतील. त्यातलं एक तुमच्या गावाकडचं, ना?"

"हो."

"मी तुम्हाला काही सांगत नाही. अहवाल तुमचा आहे. एवढंच म्हणतो, की सायीवर टीका करणाऱ्यांना असा एकच आकडा हवा आहे. छिद्रं मोठी करता येतील. तळाशी हवा सोडणाऱ्या नळ्या टाकता येतील. वेळ मिळाला तर यातून वाट निघेल."

हर्षदाचं बालपण चंद्रपूरजवळच्या एका वीजकेंद्राच्या वसाहतीत गेलं होतं. तिचे वडील मधुकर ढवस तिथे राख विभागात होते. त्या वसाहतीत जेवायला बसण्याआधी ताट फडक्यानं पुसायची रीत होती, कारण मांडणीतून काढलेल्या ताटावरही राखेचा थर असायचा. निवृत्त झाले तेव्हा वडिलांना एक जिना चढताना दोनदा बसावं लागत होतं. सायीच्या प्रकल्पात ती पगारासाठी आली नव्हती. कोळसा बंद व्हावा म्हणून आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं अहवालात एक वाक्य घातलं. 'मध्यभागी उपकरण नीट बुडत नसल्यामुळे तेथील नोंदी ग्राह्य धरू नयेत. नमुने काठच्या मोकळ्या पाण्यातून घ्यावेत.' वाक्य साधं होतं, नेमकं वाटत होतं आणि खोटं होतं. समितीला ते पटलं. अकरा जलाशयांसाठी जी तपासणी पुस्तिका छापली गेली, तीत ते जसंच्या तसं आलं.

डिसेंबरमध्ये केंद्र बंद झालं. वडिलांचा फोन आला. "बाई, तुह्या आईनं आज पांढरी चादर आंगनात वाळत टाकली. सांजपर्यंत पांढरीच राह्यली." ते हे सांगताना एकदाही खोकले नाहीत. हर्षदा त्या दिवशी आनंदानं रडली. पुढे जेव्हा जेव्हा पाण्याचा वास यायचा, तेव्हा ती ती चादर डोळ्यांसमोर आणायची आणि तक्ता भरायची.

खोपकरांची मध्येच बढतीवर बदली झाली. छिद्रं मोठी झाली नाहीत, नळ्याही पडल्या नाहीत. अहवालात दोष नव्हता, मग दुरुस्ती कशाची करायची, असं वरून विचारलं गेलं.

त्या एप्रिलच्या मंगळवारनंतर, मे महिन्यात, सायीवर फुगवटे दिसू लागले. आधी तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा यावा एवढे, मग टोपलीएवढे. तिसऱ्या पट्ट्यावरचा एक तर बैलगाडी झाकेल इतका वाढला. शेवाळ आणि गोगलगायींनी श्वासछिद्रं बुजली होती आणि खालून येणारा वायू सायीखाली अडकत होता. शुक्रवारी दोन राज्यांचे अधिकारी साय पाहायला येणार होते. धक्क्यावरून तो फुगवटा सरळ दिसायचा.

शुक्रवारी सकाळी हर्षदानं सुदामना बोलावलं. "काका, तिसऱ्या पट्ट्यावरचा फुगवटा तेवढा मोकळा करून याल? छिद्रातलं शेवाळ कोयत्यानं काढलं की बसेल खाली."

"आत काय भरलंया?"

"दलदलीत असतो तसला वायू. हवेत गेला की विरून जातो."

दलदलीतला वायू असेल असं तिला खरंच वाटत होतं का, हे तिला पुढे अनेकांनी विचारलं. खरं म्हणजे तिनं तो मोजलाच नव्हता. मोजला असता तर लिहावा लागला असता. वायुरोधक मुखवटे भांडारात होते, पेटीची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. मुखवटा द्यायचा तर कशासाठी हे सांगावं लागलं असतं. तिनं तो दिला नाही.

सुदामच्या बरोबर वल्हं धरायला त्यांची बायको कौसाबाई गेली. पुढे काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. सुदाम सायीवर गुडघे टेकून वाटेलगतच्या त्या फुगवट्यापाशी सरकले. कोयत्याचे दोन घाव घातले. "लई उग्र वास हाय," असं म्हणाले. मग लगेच म्हणाले, "आता न्हाई येत." आणि तोंडावर पडले. कौसाबाईनं पदर नाकाला गुंडाळला, होडीतून वाकून त्यांचा पाय धरला आणि ओढत त्यांना आत घेतलं. त्या घाईत तिचा खांदा निखळला. एका हातानं वल्हं मारत ती धक्क्याला आली तेव्हा हर्षदा तिथे पाहुण्यांसाठी आणलेल्या उन्हाच्या टोप्या मोजत उभी होती.

तालुक्याच्या रुग्णालयात सुदामना कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. डॉक्टर रेवती कुलथे बाहेर आल्या. "कोणता वायू होता?"

हर्षदा काचेच्या दारातून आत पाहू लागली.

"मी तुमचे अहवाल पाहते," डॉक्टर म्हणाल्या. "आमचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. त्यात तसं काहीच नाही. मग हा माणूस असा का पडला? मला नाव कळलं तर उपचार ठरवता येईल."

"हायड्रोजन सल्फाईड," हर्षदा म्हणाली. "असावा."

"पण अहवालात..."

"अहवाल खोटा आहे."

तिचा आवाज इतका खाली गेला होता की डॉक्टरांना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. हर्षदाला ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. या वेळी बाकावर बसलेल्या कौसाबाईनंही ते ऐकलं. खांदा बांधून घेत तिनं हर्षदाकडे पाहिलं. हर्षदानं मान खाली घातली आणि टोप्यांचा गठ्ठा अजून आपल्याच हातात आहे हे तिच्या लक्षात आलं.

सुदाम वाचले. सहा दिवस त्यांचा श्वास यंत्र घेत होतं आणि ते यंत्र सायीच्या विजेवर चालत होतं. वीज एकदाही गेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि काचेच्या दारातून त्या यंत्राकडे पाहताना हर्षदाला त्यातली कोणतीही एक नजरेआड करता येत नव्हती.

ते घरी आल्यानंतर आठवड्यानं ती भोईवाड्यात गेली. जाताना काय न्यावं हे तिला सुचलं नाही, म्हणून हातात काहीच नव्हतं. सुदाम चुलीजवळ पोत्यावर बसले होते. डावा हात सतत थरथरत होता. कौसाबाई मागच्या दारी पाणी भरत होती. बोलायला सुरुवात कशी करावी असा विचार करत असतानाच हर्षदाला करपल्याचा वास आला. तव्यावरची भाकरी काळी पडून धुमसत होती. सुदाम तव्यापासून दीड हातावर होते. त्यांना काही कळलं नव्हतं.

हर्षदानं उठून तवा उतरवला. त्यांनी आधी तव्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं.

"गेलंय ते," नाकाला बोट लावत ते म्हणाले. "डाक्टरीन म्हनली, येईल न येईल. पान्यावर गेलो तरी आता मला काय कळायचं न्हाई." मग त्यांनी सावकाश, शब्द शोधत विचारलं, "म्याडम, तवा तुमाला वास येत न्हवता व्हय?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती आणि क्षणभर तिचं मन तिकडे गेलंही.

"येत होता, काका."

"दर मंगळवारी?"

"दर मंगळवारी."

कौसाबाई दारात येऊन उभी राहिली होती. "मग लिवलं का न्हाई?"

हर्षदानं वडिलांबद्दल सांगितलं. राख, ताटं, जिना, चादर, सगळं. सांगता सांगता तिला स्वतःचाच आवाज नकोसा झाला. आपण आजारी बापाला आडोशासारखं पुढे करतो आहोत हे तिला जाणवलं आणि ती मध्येच थांबली.

"तुमच्या वडलांचं ऐकून वाईट वाटतं," कौसाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर हर्षदाला तो सोसला असता. "पन त्यांच्या छातीतलं तुमी आमच्या दारात आनून ठिवलं. आन आमाला सांगितलंबी न्हाई. सांगितलं असतं तर मी ह्येंना जाऊ दिलं असतं का?"

 सुदामनी तिला चहा घेणार का म्हणून विचारलं. ते विचारणं तिला सगळ्यांत जड गेलं. ती नको म्हणून उठली.

त्याच दुपारी तिनं समितीला पत्र लिहिलं. मध्यावरचे मूळ आकडे जोडले. खोपकरांनी काय म्हटलं ते लिहिलं, आणि वाक्य कुणी सांगून घातलेलं नाही, ते माझंच आहे, हेही लिहिलं. चौकशी बसली. वर्तमानपत्रांनी तिचा फोटो छापला. कोळशाच्या बाजूनं बोलणारे लोक तिला धाडसी म्हणू लागले, तेव्हा तिनं फोन बंद ठेवला.

निर्णय असा झाला: वेणूरवरची साय एक तृतीयांशावर आणायची, बाकीची गुंडाळायची. जेवढी वीज कमी पडेल तेवढ्यासाठी बंद केलेल्या दोन केंद्रांपैकी एक काही वर्षांसाठी पुन्हा पेटवायचं. ते कोणतं, हे पत्रक वाचण्याआधीच हर्षदाला कळलं होतं.

तिनं वडिलांना स्वतः सांगितलं. कसं झालं, आपण काय केलं, सुदाम मल्लाव कोण, आता काय होणार. पलीकडून श्वासाची घरघर येत होती.

"म्हणजे राख पुन्हा येते," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"त्या मानसाचं नाव काय म्हणलं?"

"सुदाम."

"तू माह्यासाठी केलं म्हणते. मले विचारलं असतं त मी काय म्हणलो असतो, तुले माहीत होतं. म्हणूनच नाही विचारलं तू." त्यांना खोकला लागला. तो थांबेपर्यंत तिनं फोन कानाला धरून ठेवला. "जेवली का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.

तिला पदावरून काढलं. पण समितीतल्या एका बाईंनी सुचवलं, की त्या अकरा जलाशयांच्या अहवालांत खोट कुठे दडलेली असेल हे हिच्याइतकं कुणाला कळणार नाही. तेव्हा तिला बिनपदाची, बिनअधिकाराची अशी एक नेमणूक मिळाली: प्रत्येक जलाशयावर जायचं, मध्यावर कांडी सोडायची आणि दिसेल ते लिहायचं. तिनं ती घेतली. नाही म्हणायचं तोंड तिला नव्हतं.

पहिला जलाशय निरगुडीचा. बारक्या टेकड्यांमधलं पाणी, त्यावर तीच जांभळट साय. वारा होता, पण सायीवर त्याचा काही मागमूस दिसत नव्हता. तिथले तपासनीस युसूफ तांबोळी पन्नाशीचे होते, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले. त्यांनी तिचं नाव ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. दोन मुखवटे त्यांनी आधीच होडीत ठेवले होते.

मध्यावर पोचल्यावर तिनं कांडी सोडली. एक पूर्णांक एक.

"मागच्या महिन्यात एक पूर्णांक चार होता," तांबोळी म्हणाले.

तिनं वर पाहिलं. "तुम्ही इथे मोजता? पुस्तिकेत तर..."

"पुस्तिकेप्रमाणे काठाचे आकडे पाठवतो. इथले माझ्यापुरते लिहितो." त्यांनी खिशातून रबर लावलेली एक वही काढली. वर्षभराच्या नोंदी होत्या, बारीक, स्वच्छ अक्षरात. प्रत्येक पानावर आकडा थोडा खाली उतरत गेलेला.

"हे कुणाला कळवलं नाहीत का?"

"कळवलं होतं. पहिल्या चार महिन्यांतच. मध्यावर वेगळं दिसतंय, काय करावं, असं विचारलं होतं." त्यांनी वहीचं रबर बोटाला गुंडाळलं. सांगावं की नाही याचा विचार करत असावेत. "तुम्हालाच, मॅडम. पुस्तिकेच्या शंकांसाठी तुमचाच पत्ता दिला होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'पद्धतीप्रमाणे नमुने घ्यावेत.' एवढंच."

हर्षदानं आठवायचा प्रयत्न केला. अशी पत्रं बरीच यायची, आणि ती सगळ्यांना तेच उत्तर द्यायची. हे एक पत्र तिला अजिबात आठवत नव्हतं. सुदामच्या घरात तिला वाटलं होतं की याहून खाली मान जाणार नाही. आता या अनोळखी माणसासमोर, भर उन्हात, तिच्या कानांपर्यंत लाज चढली. आपण केलेली एक चूक तिला पाठ होती, पण आणखी किती आपण केल्या आणि विसरूनही गेलो, याचा तिला पत्ता नव्हता.

"मी तेव्हा पुढे रेटायला हवं होतं," तांबोळी म्हणाले. "नाही रेटलं. नोकरी होती, आणि वाटलं, वर कुणीतरी बघत असेल. म्हणून नुसती वही भरत राहिलो. खाली त्या वस्तीला रोज हेच पाणी जातं. माझ्या घरीही."

त्यांनी वही मिटली, रबर पुन्हा लावलं आणि ती दोन्ही हातांत धरून ठेवली. होडी सायीच्या कडेला लागून हलकेच डोलत होती. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारायचं म्हणून ते विचारत होते.

"मॅडम, आता ही वही मी कुणाला द्यायची? तुम्हालाच?"